जावयाच्या सोन्याच्या किल्ल्या

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणतात. बाकीचे नऊ निदान फिरतात तरी. आमचा हा एका खुर्चीत कायमचा बसलेला आहे, आणि ती खुर्चीही माझ्या लेकीने आणलेली. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणते, कारण जावयाचा मान ठेवावा लागतो. इथे मात्र 'तो'च म्हणणार. माझं वय झालंय, आणि कागदावरही मान ठेवायचं त्राण आता उरलेलं नाही.

तो दातांच्या कवळ्या करतो. डॉक्टर नाही. डॉक्टर लोक जबड्याचा ठसा घेऊन ज्या लॅबमध्ये पाठवतात, तिथला कारागीर. खिडकीजवळ त्याचं टेबल आहे, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने वासून ठेवलेले असतात. मेणात एकेक दात बसवताना तो श्वाससुद्धा जपून घेतो. समोरचे दात अगदी सरळ बसवले तर माणूस खोटं हसल्यासारखा दिसतो, म्हणून त्यातला एक केसभर तिरका ठेवायचा, हे त्यानेच मला सांगितलं. हात सोन्यासारखा आहे त्याचा, उगाच नाही म्हणणार नाही. माझी कवळीही त्यानेच केली. त्याच्याविरुद्ध मी जे काही बोलते, ते त्यानेच घडवलेल्या दातांनी बोलते.

हातांचं कौतुक इथे संपलं. आता डोक्याकडे वळू.

त्याला एका खेळाचं वेड आहे. पडद्यावरचा खेळ. मला कळला तो असा: बंदूक घ्यायची, समोर येईल त्याला मारायचं, मेलेल्याचे खिसे तपासायचे. खिशात आधीपेक्षा मोठी बंदूक सापडते. ती घेऊन आधीपेक्षा मोठ्या माणसाला मारायचं आणि त्याचे खिसे तपासायचे. शेवटी डोंगराच्या पोटात एक राक्षस बसलेला असतो. तो मेला की खेळ संपतो. मी विचारलं, "राक्षसाला खिसे असतात का?" जावयाने अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "आई, त्याच्याकडेच तर सगळ्यात भारी माल असतो."

हा खेळ सुरुवातीला तो आणि माझी लेक मिळून खेळायचे. लेक मोटार शिकवण्याच्या शाळेत आहे. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर भरवसा ठेवून शहरभर फिरते. घरी आली की दोघं सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसायची आणि आरडाओरडा करायची. "अरे, मागे बघ!" "अगं, तू उडी मार ना!" तेव्हा मला खेळाचा राग नव्हता. भिंतीपलीकडून दोघांचं हसणं ऐकू येत होतं, तेवढं मला पुरे होतं. मी आयुष्यभर इस्पितळाच्या टेलिफोनवर काम केलंय. दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं हा माझा पेशाच होता, त्यामुळे कुठल्या घरात काय शिजतंय ते मला आवाजावरून कळतं.

दोघं राक्षसाच्या दारापर्यंत पोचली आणि तिथे जावयाने हात वर केला. म्हणाला, "थांब. अजून आपली तयारी नाही."

तयारी म्हणजे किल्ल्या. ही कंपनी अधूनमधून कुठेतरी एक कोड सोडते. कोड म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची लांबच लांब आगगाडी. तो वेळेत भरला की खेळात सोन्याची एक किल्ली मिळते, किल्लीने एक पेटी उघडते आणि पेटीतून बंदूक निघते. कोड काही तासांत शिळा होतो, म्हणून जावई जेवताना, आंघोळीला जाताना, पाहुण्यांसमोर, लॅबमध्ये मेण वितळेपर्यंतसुद्धा फोनवर डोळा ठेवून असतो. आमच्याकडे दूध नासलं तर चालतं, कोड नासून चालत नाही.

बरं, मिळालेल्या किल्लीने पेटी उघडावी ना? तर नाही. पेटीतली बंदूक म्हणे आपल्या त्या वेळच्या ताकदीप्रमाणे निघते. आज उघडली तर आजच्याइतकी, उद्या अंगात जास्त ताकद आल्यावर उघडली तर उद्याइतकी. म्हणून शहाण्याने किल्ली राखून ठेवायची. आमचा शहाणा राखतच राहिला. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. दोन्ही असून उपाशी बसलेला माणूस मी हा पहिलाच पाहिला.

लेक काही दिवस दाराशी थांबली. "चल रे, जाऊ आत. मेलो तर परत येऊ," म्हणाली. तो म्हणाला, "अजून एक कोड यायचाय." मग तिने सोफ्यावरची आपली जागा सोडली आणि तिथे इस्त्रीचे कपडे ठेवले जाऊ लागले.

एवढ्यात कंपनीने जाहीर केलं की खेळाचा दुसरा भाग येणार. झालं! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. न आलेल्या खेळावर आमच्या घरात चर्चा सुरू झाल्या. बाजारात तुरी, आणि हा बंदुकांची वाटणी करतोय. त्याने फोनवर एक मंडळ काढलं. जगभरातले कोड शोधून मंडळात टाकायचे, हे त्याचं काम. तिथे सगळे त्याला 'गुरू' म्हणतात. कोणी विचारतं, गुरू, राक्षसाला कुठून मारावं? आणि हा उंटावरचा शहाणा, जो राक्षसाच्या खोलीत पाऊल टाकायला धजावला नाही, तो दुसऱ्यांनी चित्रित केलेल्या लढाया बघून लांबलचक उत्तरं देतो.

दुसरा भाग मात्र यायचं नाव घेईना. कंपनी तारीख द्यायची, मग क्षमा मागायची, मग नवी तारीख द्यायची. आमच्या घरात त्या तारखांवर पंचांगासारखं सगळं अवलंबून राहिलं. नळ गळतोय? दुसरा भाग येऊ दे, मग बघू. लॅबच्या मालकाशी बढतीचं बोलायचंय? दुसरा भाग येऊ दे. मूल? हा शब्द लेकीने एकदाच काढला. भिंतीपलीकडून मला उत्तर ऐकू आलं, आणि त्या दिवशी मी त्याला चहा दिला नाही.

मग लेकीला बोलावणं आलं. तिच्या शाळेची दुसऱ्या शहरात नवी शाखा निघत होती आणि मालकीणबाईंनी ती तिच्यावर सोपवायची ठरवली. हाताखाली माणसं, स्वतःची खोली, राहायला शाखेजवळ घर. लेक त्या दिवशी घरी आली ती जिना धावत चढून. जावयाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मस्तच! दुसरा भाग येऊ दे, मग ठरवू."

"तिथेही लॅब आहेत," लेक म्हणाली. "मी चौकशी केलीये. दात सगळीकडेच पडतात."

"हो, पण तारीख अगदी तोंडावर आलीये ना."

मालकीणबाईंनी वाट पाहिली. मग सांगितलं, सोमवारपर्यंत कळव, नाहीतर दुसऱ्या कोणाला विचारते. लेक माझ्यापाशी येऊन बसली. "आई, मला त्याला टाकून जायचं नाहीये. तो 'येतो' म्हणाला तर उद्या निघू. 'नको जाऊस' म्हणाला तरी मी विचार करीन. त्याने काहीतरी म्हणावं एवढंच." मला तिची इतकी दया आली, आणि त्याचा इतका संताप, की मी उठून तो गळका नळच पिळत बसले.

आणि त्याच आठवड्यात कंपनीने बॉम्ब टाकला. दुसऱ्या भागात एक खास बंदूक मिळणार होती, कुठल्याही किल्लीने न उघडणारी. ती फक्त जुन्या निष्ठावंतांना, म्हणजे ज्यांनी पहिला भाग पूर्ण केलाय त्यांना. रविवार संध्याकाळपर्यंत पूर्ण केला असेल तर कोड घरपोच.

मंडळात जल्लोष सुरू झाला. गुरू, तुमची तर पक्की! गुरू, पहिल्या दिवशी आम्हाला दाखवा! आणि गुरूचा चेहरा प्लास्टरच्या जबड्यासारखा. एकट्याने संपवायचा तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार, तेवढा वेळ नव्हता. राक्षसाच्या दाराशी थांबलेला खेळ दोघांचा होता. तो दोघांनीच संपवायला हवा होता.

रविवारी सकाळी त्याने स्वतःच्या हाताने सोफ्यावरचे इस्त्रीचे कपडे उचलले. लग्नानंतर पहिल्यांदाच उचलले असावेत, कारण कुठे ठेवायचे हे त्याला ठाऊक नव्हतं. "अगं, बसतेस का जरा?" असं इतक्या मऊ आवाजात म्हणाला की मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. लेक बसली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला बघवेना. तिला वाटलं होतं, आता हा बोलेल.

त्याने साठवलेल्या किल्ल्या काढल्या आणि पेट्या उघडायला सुरुवात केली. एकापाठोपाठ एक बंदुका बाहेर पडत होत्या, निळ्या, जांभळ्या, सोनेरी, आणि हा प्रत्येकीपुढे थांबून हळहळत होता. शेवटी दोघं डोंगराच्या पोटात शिरली. राक्षस उठला, गरजला. लेकीने एक गोळी झाडली, त्याने एक. राक्षस आडवा झाला.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं," लेक म्हणाली. "तेव्हाच झालं असतं."

पडद्यावर नावांची यादी वर सरकत होती. दोघांचे फोन एकदमच वाजले. कंपनीचा कोड दोघांनाही आला होता, प्रत्येकाला वेगळा. त्याने आपला घाईघाईने भरला, छातीवर हात ठेवून सुस्कारा टाकला. लेकीने हातातलं खेळाचं बटणांचं यंत्र बाजूला ठेवलं.

"उद्या मला कळवायचंय," ती म्हणाली. "मी जाणार आहे. तू येतोस का? एवढंच सांग."

त्याने तिच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, मला खोटं बोलायचं नाही. कितीतरी दिवसांत त्याने तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मनात म्हटलं, बोल रे बाबा, हो म्हण, नाही म्हण, भांड, पण बोल.

"तू तिकडे गेलीस की तुला खेळायला वेळ कुठला मिळणार," तो म्हणाला. "मग तुझा कोड मला देतेस का?"

लेक रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. तिने फोन उचलला आणि कोड वाचायला लागली. एकेक अक्षर, एकेक आकडा, स्पष्ट, संथ, पहिल्यांदा चाकापाशी बसलेल्या घाबरट माणसाला ती सांगते त्या आवाजात. तो प्रत्येक अक्षर तिच्यामागून म्हणत भरत होता. मध्ये एकदा चुकला, तर तिने न चिडता पुन्हा सांगितलं.

"मिळाली!" तो सोफ्यावरून ओरडला. "दोन्ही मिळाल्या!"

तोवर ती आतल्या खोलीत गेली होती. दार उघडंच होतं. मालकीणबाईंना तिने उद्यापर्यंतही थांबवलं नाही.

"हो बाई, मी येतेय," ती फोनवर सांगत होती. "नाही, घर लहान असलं तरी चालेल. आम्हा दोघींपुरतं बघा. आई आणि मी."