शिफ्ट कुठं आलं?

उमरीच्या स्टेशनवर आबांनी माझी बॅग डब्यात चढवली आणि खाली उतरून खिडकीशी येऊन उभे राहिले. नर्सिंगचा कोर्स संपला होता, पुण्याच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती.

"ड्यूटी कशी हाय म्हणलीस?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"शिफ्टची आहे, आबा."

त्यांचा चेहरा खुलला. आबा शाळेत शिपाई होते. त्यांची शाळा दोन शिफ्टमध्ये भरायची, सकाळची सुटली की दुपारची. "मंग काय काळजी न्हाई," ते म्हणाले. "सकाळची शिफ्ट माग. दुपारून मोकळी."

गाडी हलली. त्याला आता अकरा वर्षं झाली.

पुण्यात शिफ्ट तीन निघाल्या, आणि त्या मागून मिळत नव्हत्या, भिंतीवरच्या तक्त्यात लावलेल्या असायच्या. मग कळलं की इथलं सगळंच या एका शब्दावर चालतं. पेशंट आयसीयूतून वॉर्डात नेला की शिफ्ट केला. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की आम्ही चौघी मैत्रिणी दुसऱ्या रूमवर शिफ्ट. अशा सहा रूम झाल्या. कॉम्प्युटरवर पेशंटच्या नावाचं पहिलं अक्षर मोठं हवं असलं तरी शिफ्टचंच बटण. ड्यूटीवर कुणी दमून रडायला लागली तर इन्चार्ज सिस्टर म्हणायच्या, "जरा फोकस शिफ्ट कर." करायचे मी. दमणूक मात्र जागची हलायची नाही.

आईचा फोन यायचा तेव्हा मी बहुतेक कामावर असायचे. "शिफ्टला आहे, नंतर करते," एवढं बोलून ठेवायचे. आई तेच शेजारच्या सखूबाईला सांगायची, पोरगी शिफ्टला हाय. वर्षभरानं सखूबाईनं हळूच विचारलं म्हणे, "तुझी लेक तर पुण्याला व्हती ना? हे शिफ्ट कुठं आलं?"

आईनं हे मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. नंतर जेवायचा डबा उघडला आणि तसाच बंद केला.

गेल्या वर्षी एकदा सकाळच्या शिफ्टला असताना साडेनऊच्या सुमारास मिलिंदचे, माझ्या धाकट्या भावाचे, लागोपाठ तीन फोन आले.

"ताई, आबाचं तोंड वाकडं झालं. बोलता येऊन न्हाई राहिलं. इथले डॉक्टर म्हणतेत नांदेडला शिफ्ट करा. काय करू?"

"लगेच ने. मला विचारत बसू नको. तिथं गेल्या गेल्या डोक्याचा स्कॅन करा म्हण. त्रास कधी सुरू झाला ती वेळ सांग."

"तू येऊन राहिलीस ना?"

मी "हाव" म्हटलं. परक्या माणसाच्या नातेवाईकाला सांगावं तसं सगळं नीट सांगून झालं होतं.

इन्चार्ज सिस्टरांनी तक्ता पाहिला. त्या वाईट नव्हत्या. "दोघी सुटीवर आहेत गं. दोनच्या आधी तुझ्या जागी कुणाला उभं करू?" माझ्याकडे व्हेंटिलेटरवरचे दोन पेशंट होते. त्यांना सोडून जाता येत नाही हे मला त्यांच्याइतकंच माहीत होतं. मी थांबले. दुसऱ्यांच्या वडलांची कूस बदलली, नळ्या साफ केल्या, तासातासाला नोंदी लिहिल्या. आबांची कूस आता कोण बदलत असेल, असं मनात आलं की हात थांबायचा. मग पुन्हा चालू करायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला पोचले. आबा वाचले होते. उजवं अंग आणि बोलणं गेलं होतं. गाडी मिळायला दीड तास लागला, असं मिलिंदनं सांगितलं. मग म्हणाला, "तू असतीस तर लवकर झालं असतं." रागानं म्हणाला नाही. रागानं म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं.

आई-आबा दोघांना मी पुण्याला आणलं. त्यासाठी वेगळा छोटा फ्लॅट घेतला. सहा महिन्यांत आबा काठी घेऊन चार पावलं टाकायला लागले, एखादा शब्द फुटायला लागला. पण बाथरूमपर्यंत जायचं तरी माझा नाहीतर आईचा दंड धरायचे. ड्यूटीवरून आले की आधी त्यांना व्यायाम द्यायचा, मग आडवं व्हायचं. एका दुपारी त्यांचा हात वरखाली करता करता मला बसल्या जागी झोप लागली. जाग आली तेव्हा ते डाव्या हातानं माझं डोकं थोपटत होते.

"घरी," ते म्हणाले.

मी चिडले. इथं काय कमी आहे, मी म्हणाले.

आईनं उत्तर दिलं. "कमी काईच न्हाई. तूच उरली न्हाईस, बाई. तुझ्याकडं बघून बघून ते खचून राहिलेत."

महिन्यापूर्वी मी दोघांना उमरीला पोचवलं. उंबऱ्याशी आबांनी माझा हात सोडला. डाव्या हातानं भिंत चाचपत, माठाला वळसा घालून, मागच्या दारानं एकटे न्हाणीपर्यंत गेले आणि परत आले. सहा महिने मी जे शिकवत होते ते त्या भिंतीनं त्यांच्याकडून एका फेरीत करून घेतलं. मला बरं वाटलं. थोडं लागलंही.

परवा दोन दिवसांची सुटी काढून पुन्हा गेले. सकाळी चहा करायला उठले तर पत्तीचा डबा सापडेना, साखर कुठं ते कळेना. आई मागून आली आणि माझ्या हातातलं पातेलं घेतलं. "राहू दे. पाव्हण्यावानी आलीस, पाव्हण्यावानी बस." मायेनंच म्हणाली.

गाव सोडून गेलेल्यांना हे सांगायला नको. मागं राहिलेल्यांनी मात्र रागावू नये: पुण्याच्या घरात मला डोळे मिटूनही साखर सापडते, पण तिथं मला "बस" म्हणणारं कुणी नाही.

मी बाहेर आले. आबा बाजेवर पाय पसरून बसले होते. माझ्याकडे पाहिलं, डाव्या हातानं बाजेची कड धरली आणि उजवा पाय ओढत, कष्टानं, वीतभर बाजूला सरकले. मग मोकळ्या झालेल्या जागेवर हात आपटला.

मी बसले.