सासूने आणलेलं स्थळ

गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये, अशी पाटी एसटीत लावलेली असते. इंदिराबाईंना वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी त्यांनी ती पाटी मानली नसती. दोन-तीन महिन्यांनी एकदा त्या भावाला भेटायला जळगावहून साक्रीच्या गाडीत बसायच्या. ड्रायव्हरच्या मागचं बाकडं धरायच्या आणि धुळं येईपर्यंत त्याच्याकडून त्याच्या घरादाराची सगळी हकिकत काढून घ्यायच्या. गेल्या वर्षी अशाच एका फेरीत त्यांनी भटू अहिरे नावाच्या ड्रायव्हरला विचारलं, "तुना घरमा कोन कोन शेत?"

"मी एकलाच शे, अक्का."

"आनि बायको?"

"करानी ऱ्हायनी."

बाजारातून कोथिंबीर आणायची राहिली असं कुणी सांगावं, तसं भटूने ते सांगितलं. त्याची निवृत्ती जवळ आली होती, म्हणजे वय अठ्ठावन्नाला टेकलेलं. इंदिराबाई एरंडोलपासून पारोळ्यापर्यंत गप्प बसल्या. त्यांच्या बाबतीत ही मोठी गोष्ट होती. पारोळा मागे पडलं तशा त्या म्हणाल्या, "मन्ही एक आंडेर शे."

आंडेर म्हणजे मुलगी. खरं तर इंदिराबाईंना मुलगी नव्हतीच. त्या बोलत होत्या आपल्या सुनेबद्दल.

रत्नाबाई त्यांची सून. वय एक्कावन्न. नवरा योगेंद्र एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता, तो काविळीने गेला तेव्हा मुलगी सारिका जेमतेम शाळेत जायला लागली होती. त्याच्या जागेवर रत्नाबाई नोकरीला लागल्या आणि जळगाव स्टँडच्या चौकशी खिडकीत बसू लागल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे माईकवरून सांगायचं, आणि माईक बंद असला की भांडणाऱ्या प्रवाशांना समजवायचं. मेहरूणला तलावाजवळ दोन खोल्यांचं घर, त्यात त्या आणि सासू. सारिका लग्न होऊन नाशिकला गेली, तिला मुलगाही झाला. रत्नाबाई आजी झाल्या होत्या.

म्हणून सासूने जेवताना हे स्थळ सांगितलं, तेव्हा त्या आधी हसल्या. सासू हसत नाही हे पाहून चिडल्या. "म्हातारपणी डोकं फिरलं का तुमचं? नातू आहे मला!"

"नातूनी तुले काय इचारानं शे?" म्हातारी शांतपणे म्हणाली. "मी मरसू तवय तुना आडे कोन ऱ्हाई?"

माझ्यामागे तुझ्याजवळ कोण राहील, हा प्रश्न रत्नाबाईंनी स्वतःला कधी विचारला नव्हता असं नाही. पण सासूच्या तोंडून तो ऐकल्यावर त्या ताटावरून उठल्या. त्यांनी सारिकाला फोन केला, ती तरी वेड्यात काढेल म्हणून. सारिका म्हणाली, "आई, जरा थांब, मला आधी हसून घेऊ दे." हसून झाल्यावर ती थोडी रडली, आणि मग विचारलं, "दिसायला कसा आहे?"

दिसायला कसा आहे, हे रत्नाबाईंनाही नीट आठवत नव्हतं. इतकी वर्षं साक्रीची गाडी त्याच पुकारायच्या, पण खिडकीतून दिसायची ती फक्त गाडी.

पाहण्याचा कार्यक्रम मेहरूणच्या घरी झाला. भटू साक्रीहून आपल्या वहिनीला, लताबाईंना घेऊन आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात केळ्यांचा अख्खा घड. पोह्यांची ताटली घेऊन आपण बाहेर येणार नाही, असं रत्नाबाईंनी बजावलं होतं. त्यामुळे पोहे सासूनेच आणले आणि प्रश्नही तिनेच विचारले. पेन्शन किती, असलं काही नाही. दात स्वतःचे आहेत का? पितोस का? रागावलास तर काय करतोस? भटूने मान खाली घालून उत्तरं दिली. दात स्वतःचे, एक दाढ सोडून. पीत नाही. रागावलो तर हॉर्न वाजवत होतो, आता गाडी हातातून सुटल्यावर काय करीन ते माहीत नाही.

नंतर दोघांना तलावाकाठी फिरायला पाठवलं. अर्धा तलाव झाला तरी भटू बोलेना. समोरून फिरायला आलेली ओळखीची माणसं रत्नाबाईंकडे वळून वळून पाहत होती. शेवटी त्याच म्हणाल्या, "काहीतरी बोला की, भटूभाऊ."

म्हणाल्या आणि स्वतःच चपापल्या. सगळा डेपो त्याला भटूभाऊ म्हणायचा, त्यामुळे तोंडातून तेच निघालं.

"भाऊ तेवढं नका म्हणू," भटू पाण्याकडे बघत म्हणाला.

"मग काय म्हणू?"

"ते मलाही सुचत नाही." तो म्हणाला, "मला बोलायची सवय नाही. आयुष्यभर माझं तोंड पुढे आणि माणसं मागे. पण तुमचा आवाज रोज ऐकायचो. साक्रीची गाडी लागली, असं तुम्ही म्हणालात की सावरून बसायचो."

रत्नाबाईंना हसू आलं, आणि आतून बरंही वाटलं. साखरपुड्याची तारीख धरली गेली.

तारीख धरल्यावर मात्र त्यांची झोप उडाली. स्टँडवरच्या बायका येता-जाता "नवरी आली" म्हणायच्या, त्यात वाईट काही नव्हतं, पण कानशिलं तापायची. अंगठी घ्यायला त्या एकट्याच सराफाकडे गेल्या. काउंटरवरच्या पोराने हसून विचारलं, "मुलीचा साखरपुडा का, मावशी?" आणि रत्नाबाई चटकन हो म्हणाल्या. "माप?" त्याने विचारलं. "माझंच घ्या. तिचं बोट माझ्याएवढंच आहे." आपल्याच बोटात अंगठी घालून त्या मुलीच्या नावाने माप देत राहिल्या. बाहेर आल्यावर त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की रिक्षा न करता त्या घरापर्यंत चालत गेल्या. साखरपुडा आपला आहे एवढंही जिला सांगता येत नाही, तिने लग्न कशाला करावं? शिवाय सासूचं काय? ऐंशीच्या घरातली बाई, तिला जळगावात एकटी टाकून आपण साक्रीला संसार मांडायचा? हा प्रश्न ना भटूने काढला होता, ना खुद्द सासूने.

नाही म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं. पण ते फोनवर सांगणं त्यांना बरं वाटेना. रजा टाकून, सासूला काही न सांगता, त्या सकाळच्या गाडीने साक्रीला निघाल्या.

भटूचं घर सापडलं. दारात, शेजारच्याच घरात राहणाऱ्या लताबाई धुणं पिळत होत्या. रत्नाबाईंना पाहून त्यांच्या हातातलं लुगडं बादलीत पडलं. "आज नका भेटू, ताई. तो... घरात नाही."

आतून कुणीतरी शिंकलं. रत्नाबाईंच्या मनात नको ते आलं. पीत नाही म्हणाला होता तो! त्या लताबाईंना बाजूला सारून आत शिरल्या.

भटू खाटेवर बसला होता. डोक्यावर ओला पंचा. चेहरा पिकल्या पपईसारखा सुजलेला, दोन्ही डोळे मिटून गेलेले, आणि कानाच्या पाळ्या काळ्या कुळकुळीत.

"कोणती मेंदी लावली?" रत्नाबाईंनी विचारलं.

भटू ताठ बसला. "तुम्ही? अरे देवा!" त्याने पंचा तोंडावर ओढला. "वहिनी, यासले कसाले आत येऊ दिधं?"

रत्नाबाईंना हसू आवरेना. वाटभर मनात घोळवलेलं सगळं बाजूला राहिलं आणि त्या भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. पंच्याआडून भटूही कसनुसा हसला. साखरपुड्याच्या फोटोत म्हातारा दिसू नये म्हणून त्याने काळी मेंदी आणली होती. "दुकानदाराला सांगितलं, मोठ्या भावाला पाहिजे म्हणून," तो म्हणाला.

हसणं थांबलं. रत्नाबाई खाटेजवळच्या स्टुलावर बसल्या. "मी पण सराफाकडे मुलीचं नाव सांगितलं," त्या म्हणाल्या. मग एकदम बोलून टाकलं. "मी नाही सांगायला आले होते."

"मग सांगा," भटू हळूच म्हणाला. "मला काही दिसत नाही. तुम्हाला सोपं जाईल."

खरोखर सोपं गेलं. समोरचे डोळे मिटलेले असल्यामुळे रत्नाबाईंनी सगळं सांगितलं. लोकांची लाज वाटते. आपल्या मनाप्रमाणे उठायची, निजायची सवय झालीय, कुणी विचारलेलं आता खपेल की नाही कोण जाणे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सासूला सोडून येणं जमणार नाही.

"अक्कांना कशाला सोडायचं?" भटू गोंधळून म्हणाला. "मीच तिकडे येणार ना."

"कुठे?"

"मेहरूणला. मी तसंच धरून चाललो होतो."

"मग हे बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलंच नाही."

रत्नाबाई त्या सुजलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि म्हणाल्या, "चला, आधी डॉक्टरकडे. असं बसून राहिलं तर रविवारी फोटो कुणाचा काढायचा?"

दवाखान्यात त्या त्याचा हात धरून घेऊन गेल्या. इंजेक्शन देणाऱ्या नर्सने विचारलं, "या बहीण का?"

"नाही!" भटू इतक्या मोठ्याने ओरडला की रांगेतली माणसं वळली.

"रविवारी आमचा साखरपुडा आहे," रत्नाबाई म्हणाल्या. आवाज स्टँडवरचा होता, शेवटच्या बाकापर्यंत गेला. कुणीतरी हसलं. हसू दे, असं त्यांना वाटलं.

अडचण आता इंदिराबाईंची होती. जावई घरी येऊन राहणार हे ऐकून त्या उखडल्या. "घरजवाई? मन्हा घरमा? लोके काय म्हनतीन?"

"आता तुम्हाला लोक आठवले का?" रत्नाबाईंनी विचारलं. म्हातारी दोन दिवस रुसून बसली. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच पुढच्या खोलीतली धान्याची कोठी सरकवून खाटेला जागा केली, आणि त्याबद्दल कुणी काही बोललेलं चालणार नाही असं जाहीर केलं.

साखरपुड्याला घर भरलं होतं. भटूने केस अगदी बारीक कापून टाकले होते, कानाच्या पाळ्या मात्र अजून काळ्याच होत्या. सारिकाने ते पाहून जे ओठ दाबले ते पूर्ण कार्यक्रमभर दाबूनच ठेवले. नवरीला कुंकू लावायची वेळ आली तेव्हा लताबाईंनी करंडा उचलला. इंदिराबाई जागेवरून उठल्या. हात पुढे करून त्यांनी तो करंडा मागितला.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. विधवेने कुंकू लावायचं? एक जण काहीतरी पुटपुटली. लताबाईंनी क्षणभर विचार केला आणि करंडा त्यांच्या हातात दिला. म्हातारीच्या हातून कुंकू थोडं वाकडंच लागलं. रत्नाबाईंनी ते सारखं केलं नाही. सासूच्या पाया पडायला त्या वाकल्या त्या बराच वेळ उठल्याच नाहीत, आणि कुणी त्यांना उठवलंही नाही.

महिन्याभराने कोर्टात लग्न झालं. आता भटू मेहरूणला राहतो. सकाळी इंदिराबाईंना तलावाकाठी हात धरून फिरवतो, भाजी आणतो. शंका सगळ्या फिटल्या असं रत्नाबाई म्हणत नाहीत. पंख्याच्या वेगावरून दोघांचं रोज वाजतं. कधी रत्नाबाई विसरूनच जातात की घरात आता तिसरं माणूस आहे.

परवा दुपारी असंच झालं. सासू आत झोपली होती; ड्युटीवरून येऊन, कडी लावून त्याही आडव्या झाल्या. उठून दार उघडलं तर भटू भाजीची पिशवी घेऊन पायरीवर बसलेला.

"अहो, कडी वाजवायची की!"

"म्हटलं, तुमची झोप मोडेल."

"मोडली असती तर मोडली असती," त्या म्हणाल्या आणि त्याच्या हातातली पिशवी घेतली. मेथी उन्हाने पार मान टाकून बसली होती.