वालावलच्या चिखलातलं मीठ

श्रावणात सुक्या बांगड्याला गिऱ्हाईक नसतं. त्या सकाळी एका व्यापाऱ्याशी भावावरून माझी चांगलीच जुंपली होती. वालावलचा होडीवाला पांडू दुकानाच्या पायरीवर भिजत उभा होता. सौदा पटल्यावरच तो म्हणाला, "शेटानू, मास्तर गेले." मी त्याच्यावरच ओरडलो, "आधी कित्या सांगलंस नाय?" ...जणू आधी सांगितलं असतं तर वसंता थांबला असता.

वसंता आणि मी मालवणच्या शाळेत एका बाकावर बसायचो. चौथीनंतर मी डोक्यावर मासळीची पाटी घेतली आणि धक्क्यावर भांडून भांडून दुकान उभं केलं. तो मुंबईत प्राणिशास्त्र शिकला आणि परत येऊन शाळामास्तर झाला. घर मात्र केलं वालावलला, खाडीकाठी. कशासाठी, तर चिखलातल्या किड्यांसाठी! आमचे लोक ते गळाला लावतात. गावानं त्याचं नाव किडेमास्तर ठेवलं. तो सांगायचा, देवबागच्या मुखाशी पाणी खारं, तिथले किडे वेगळे. वालावलला निमखारं, तिथले वेगळे. आणखी वर गेलं की यातलं कोणीच नाही. त्यांचा गाव मिठानं ठरतो.

त्याच्या पडवीत चिखलपाण्याच्या बरण्या असत. प्रत्येकीला पाण्याच्या पातळीवर दोरा बांधलेला. एका उन्हाळ्यात एकीचं पाणी दोऱ्याखाली उतरलेलं पाहून मी खाडीचं पाणी ओतायला गेलो. त्यानं माझा हात धरला.

"शेट, पाणी उडान जाता. मीठ खंय जाता?"

"मगे काय घालू?"

"बांयचा गोडा पाणी." त्यानं अंगणातल्या विहिरीकडे बोट दाखवलं.

"खाडीच्या किड्याक बांयचा पाणी? शाळेत ह्याच शिकवतंस?"

तो खूप हसला. मला शेट म्हणून चिडवणारा तो एकटाच होता.

गेल्या माघापासून त्याच्या पोटात कळा येऊ लागल्या. मुंबईतला डॉक्टर मी ठरवला. पावसाळ्यासाठी बंदर बंद होण्याआधीच्या शेवटच्या बोटीची तिकिटं काढली. घाटातल्या एसटीचे हिसके त्याला सोसले नसते. बोट लागली, तो आला नाही. मी तडक वालावल गाठलं, तर हा गुडघाभर चिखलात.

"मिरग इलो की सगळी खाडी गोडी होतली," तो म्हणाला. "तेवा हे खंय जातत, ता माका बघूचा आसा. माका वाटता, खाली चिखलात मीठ रवता. हे थंय उतरतत."

"आणि तू खंय जातलंस, ता बघितलंस?"

"गणपती झाले की बोट सुरू होतली. तेवा येतंय. देवाशप्पथ."

आयुष्यभर मी लोकांना भाव उतरवायला लावला. याच्यापुढे विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, शेवटी तिकिटं फाडून चिखलात फेकली आणि चालता झालो. त्याच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. किडे पुढच्या पावसातही असते की रे...

तेराव्याला सुमतीवहिनींनी सांगितलं, ऐन आषाढात, अंगात बळ नसताना, तो पांडूच्या होडीतून गेला होता. वरचं पाणी पूर्ण गोडं झालेलं. त्यानं कोपरापर्यंत हात खुपसून खालचा चिखल काढला, त्यात किडे जिवंत होते. चिखल जिभेला लावला आणि पोरासारखा हसत घरी आला. "भावजी, शेवटच्या दिवशीपण ह्याच बोलत होते," वहिनी म्हणाल्या. "शेटाक सांग, खाली खारटच आसा."

एक बरणी त्यांनी मला दिली. ती दुकानात गादीजवळ ठेवली आहे, गिऱ्हाइकं नाक मुरडतात. चिखलात एक बारीक भोक आहे, आत किडा असतो. दिसत नाही, पण सकाळी भोकाशी ताजी माती वर टाकलेली असते.

गणपती झाले. काल पहिल्या बोटीचा भोंगा ऐकू आला, तेव्हा मी गादीवरून उठलो, चपला घातल्या... आणि तसाच उभा राहिलो. मग बरणीकडे गेलो. पाणी दोऱ्याच्या जरा खाली उतरलं होतं. विहिरीवरून लोटाभर पाणी आणलं आणि हळूहळू, त्याची माती ढवळू न देता, दोऱ्यापर्यंत ओतलं.