कमेंटचा चौकोन

मी वेबसाइटच्या थीम बनवते. म्हणजे लिहिणारं कोणी दुसरं असतं, मी त्या लिखाणाला कपडे शिवते. अक्षर केवढं, समास किती, मेनू कुठे, तारीख वर की खाली. एकदा शिवून ठेवलं की जगात कोणीही ते फुकट उचलावं आणि आपल्या ब्लॉगला घालावं. अकरा वर्षं झाली. पहिली दोन वर्षं अप्रूप होतं. आता सकाळी लॅपटॉप उघडला की कुठल्यातरी देशातलं कुणीतरी ओरडत असतं, की कालच्या अपडेटनंतर माझा मेनू डावीकडे गेला, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? वाटते हो. पण मेनू मी नाही हलवला, ब्लॉग ज्यावर चालतात त्या प्लॅटफॉर्मने हलवला. हे नम्रपणे लिहायचं, शेवटी आभार मानायचे आणि पुढचा ओरडणारा घ्यायचा. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या ह्याच. फक्त इथे एखादी करपली की लोक पाचपैकी एक तारा देऊन जातात.

घरात मी आणि आई, दोघीच. आई स्वारगेटच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायची. तीस वर्षं. निवृत्त झाल्यावर तिने ब्लॉग सुरू केला, मला न विचारता. खिडकीवर येणाऱ्या माणसांबद्दल लिहायची. सकाळचा चहा झाला की जेवणाच्या टेबलाशी टॅब घेऊन एका बोटाने टाइप करत बसायची.

आणि ब्लॉग दिसायला कसा? अहो, काय सांगू! पिवळाजर्द पट्टा, त्यावर लाल डब्याचा फोटो, उजवीकडे 'नवीन प्रतिक्रिया' अशी लांबलचक यादी, खाली गिऱ्हाइकं मोजल्यासारखा वाचकांचा आकडा. मी ह्या धंद्यात, आणि माझ्या आईचं पान असं. माझ्या ओळखीतल्या कोणी बघितलं तर काय, ह्या विचारानेच मला कसंतरी व्हायचं.

वाचक फार नव्हते, पण होते ते पक्के. येरवड्याचे एक निवृत्त कंडक्टर तर प्रत्येक लेखाखाली हजर. "बाई, लेख उत्तम. पण ती गाडी सव्वासहाची नव्हे, सहा पस्तीसची." आई लगेच खाली लिहायची, "आपण कंडक्टर. गाडी आपण उशिरा सोडलीत, त्याला मी काय करू?" मग आणखी चारजण त्यात पडायचे. आई टेबलाशी एकटीच हसत बसायची. मी हेडफोन लावून कुणाचा तरी मेनू उजवीकडे आणत असायचे.

तिच्या वाढदिवसाला मी माझी सगळ्यात नवी थीम तिच्या ब्लॉगला घातली. पांढरंशुभ्र, मोकळं पान, मध्ये फक्त अक्षरं. यादी नाही, आकडा नाही, कसलीही लुडबुड नाही. आईने पान वरपासून खालपर्यंत नेलं, परत वर आणलं. "अगदी दवाखान्यासारखं स्वच्छ झालं गं," म्हणाली. मी ते कौतुक समजले.

पुढचे दोन महिने ती लिहीत होती. मग आठवड्याला एक, मग पंधरा दिवसांनी एक, मग बंद. टॅब मात्र रोज उघडायची. शेवटचा लेख काढायची, बोटाने पान सरकवत सरकवत तळापर्यंत जायची, थोडं थांबायची आणि टॅब पालथा ठेवून वाल सोलायला घ्यायची. मी हे रोज बघत होते. एकदा विचारलंही, "हल्ली लिहीत नाहीस?"

"संपलं सांगण्यासारखं," ती म्हणाली.

मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर इतकी थकलेली असायचे की एका प्रश्नाचं उत्तर मिळालं ह्यातच समाधान होतं.

आईच्या ब्लॉगला थीम घातल्यावर सात महिन्यांनी एका अनोळखी बाईंची तक्रार आली. तुमच्या नव्या थीममध्ये वाचकांनी कमेंट लिहायची कुठे, जागाच दिसत नाही. मी ताठ्यात उत्तर टाइप करायला घेतलं की ती जागा मी मुद्दाम काढली आहे, पान नीटनेटकं दिसावं म्हणून, हल्ली तिथे जाहिरातींचा कचराच जास्त येतो. अर्ध्या वाक्यात माझे हात थांबले. आईचा ब्लॉग उघडला. तळापर्यंत गेले. लेख संपत होता आणि त्याखाली पांढरं, नुसतं पांढरं. सात महिने येरवड्याच्या त्या गृहस्थांना गाडीची वेळ दुरुस्त करायला जागा नव्हती. जुन्या सगळ्या कमेंटसुद्धा मीच झाकून टाकल्या होत्या.

मेले मी, असं झालं मला. कमेंटचा चौकोन परत आणायला दहा मिनिटं लागली. दहा! मी टॅब घेऊन तशीच आईकडे गेले आणि घडलं ते सगळं सांगितलं. लोक गेले नव्हते, मीच दार लावून घेतलं होतं, असंही म्हणाले. आई वाल सोलत ऐकत राहिली.

"अगं पण मग तू बोलली का नाहीस?" मीच चिडले. चूक माझी आणि आवाजही माझाच वर.

"काय बोलणार? कोणी लिहिलं की तो चौकोन आपोआप येतो, असं वाटायचं मला. माझं वाचा हो, म्हणून लोकांच्या मागे लागू? खिडकीसमोर कोणी उभं नसलं की समजायचं, गाडी गेली. मी तेच समजले."

"नव्हती गं गेली. आता लिही ना परत."

तिने हात पुसले, टॅब जवळ ओढला, पण उघडला नाही. "माझा शेवटचा लेख कशावर होता?" तिने विचारलं.

तिच्या प्रत्येक ओळीतलं अंतर मी ठरवलं होतं. शेवटचा लेख टॅबच्या तीन स्क्रीन भरतो, हे मला पाठ होतं. त्यात काय आहे, ठाऊक नव्हतं. तो नाही आणि त्याच्या आधीचा एकही नाही. आईच्या लेखांतलं मी एक अक्षर वाचलेलं नव्हतं. इतकी शरम मला कुठल्या एका ताऱ्याने कधी वाटली नव्हती.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती चौकशीच्या खिडकीतून विचारावं तशा सरळ आवाजात म्हणाली, "येरवड्याच्या माणसाला चौकोन लागतो, हे मला कळतं. तू तर रोज इथे माझ्यासमोर जेवायला बसतेस. तुला कशाला लागत होता?"