कव्हरचा पहिला नंबर

कबड्डीचा सामना सुरू झाला की आमचे मामा उजवा तळहात डोळ्यांसमोर आडवा धरायचे. ऊन लागत होतं म्हणून नव्हे, चढाई करणारी पोरगी दिसू नये म्हणून. ती जिकडे सरकेल तिकडे मामांचा हातही सरकायचा. शेजारी बसलेला एखादा नवखा माणूस काळजीने विचारायचा, "मामा, डोळे आले काय?"

"डोळे ठीक हायेत. रेडरले सारं गाव पाहून राह्यलं. म्या नाही पाह्यलं तं तिचं काय अडते?"

मामा म्हणजे चिखलीच्या आमच्या शाळेचे शिपाई. शिपायाला मामा म्हणायची पद्धत सगळीकडेच आहे, पण यांना शाळेबाहेरचे लोकही मामाच म्हणायचे. घंटा द्यायची, स्टाफरूममध्ये चहा आणायचा, आणि सामन्यांचे दिवस आले की पहाटे चुन्याने मैदान आखायचं, ही त्यांची कामं. दोरी न लावता आखलेली त्यांची रेघ दोरी लावून आखलेल्या माझ्या रेघेपेक्षा सरळ यायची. मी भूगोलाचा मास्तर. अक्षर बरं म्हणून मला गुणलेखक केलं होतं.

तुम्हीही कबड्डी पाहिली असेल. पाहताना काय पाहता, खरं सांगा. एक तर चढाई करणारी पाहता, नाही तर तिचा पाय धरणारी. हात धरून उभ्या असलेल्या साखळीच्या दोन टोकांना कॉर्नर असतात, पाय बहुधा तेच धरतात आणि टाळ्याही तेच घेतात. कॉर्नरच्या शेजारी तिचा हात धरून जी उभी असते, ती कव्हर. कॉर्नर पुढे झेपावली की हात नेमका कधी सोडायचा, फसली की तिला मागे कधी ओढायचं आणि रेडरची परतीची वाट कशी बुजवायची, हे सगळं तिच्याकडे. यातलं काहीच गुणपत्रिकेत येत नाही. पहिल्याच वर्षी मामा माझ्या खांद्यावरून कागदात डोकावले होते.

"सर, याच्यात कव्हर कुठं हाये?"

"तसा रकाना नसतो, मामा."

"नसते ना? म्हनून तं मले याद ठेवा लागते."

आणि ते खरंच लक्षात ठेवायचे. तालुक्याचे सामने संपले की दुसऱ्या दिवशी खेळाच्या खोलीच्या दारामागे खडूने यादी लागायची. तालुक्यातल्या सगळ्या शाळांच्या कव्हर, पहिल्या नंबरापासून शेवटच्या नंबरापर्यंत. दुसऱ्या शाळांच्या पोरीही मैदानावर आल्या की आधी ते दार उघडून पाहायच्या. पहिला नंबर आपल्या शाळेत आला तर त्या पोरीला आठवडाभर सुट्टीची घंटा वाजवायला मिळायची. ढाल मुख्याध्यापिका बाईंच्या कपाटात धूळ खात पडते, घंटा मात्र साऱ्या शाळेला ऐकू जाते, त्यामुळे पोरी घंटेसाठी जीव टाकायच्या.

एका वर्षी माझी स्वतःची मुलगी त्या यादीत नववी आली. नऊच कव्हर होत्या. घरी दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. शेवटी मी मामांना गाठलं आणि हसत हसत म्हटलं, "एखादा नंबर वर सरकवला तर कुणाला कळतंय?"

मामांनी चहाची किटली खाली ठेवली. "सर, तिचा भूगोलाचा पेपर तुमीच तपासता. तिथं मी कधी बोललो काय?"

मी चहा घेतला आणि वर्गावर गेलो. पुढच्या वर्षी ती सहावी आली. त्या सहाव्या नंबरचा विषय आमच्या घरात अजून निघतो.

मामांची शिकवण्याची रीतही जगावेगळी होती. बाजाराच्या दिवशी ते कॉर्नर आणि कव्हरच्या जोडीला हातात हात देऊन चिखलीच्या बाजारात सोडायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, हात सुटता कामा नये. मध्ये केळीच्या गाड्या, मोटरसायकली, मिरच्यांचे ढीग, पिशव्या सांभाळत घासाघीस करणाऱ्या बाया. पुढची वाट काढणार, मागची सांभाळणार. मामा लांबून ओरडायचे, "ओढू नोको तिले! तिच्या मनात काय हाये ते हाताले कळू दे!" लोकांना वाटायचं, मामा कुणाचं तरी लग्न जमवून राह्यले.

या बाजारात वैष्णवी भारी ठरली. तिच्या वडिलांचं तिथं भाजीचं दुकान, म्हणजे जमिनीवर अंथरलेलं पोतं आणि त्यावर मेथी, वांगी आणि सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. लहानपणापासून ती त्या गर्दीतून डोक्यावर भाजीचं गाठोडं घेऊन फिरलेली. अंगाने दणकट, बोलायला कमी. तिने धरलेला हात सोडवून घ्यायला दोन पोरी लागायच्या. नववीत असताना ती मामांच्या यादीत पहिली आली. घंटा मिळाली त्याच दिवशी तिने ती दहा मिनिटं आधी बडवली आणि बाई ऑफिसातून बाहेर येईपर्यंत अर्धी शाळा फाटकाबाहेर पोचली होती.

"काऊन व, घाई कायची झाली तुले?" मामांनी विचारलं.

"हातात आली तं राहवलं नाही, मामा."

मामांनी घंटा काढून घेतली, नंबर मात्र तसाच ठेवला. मला म्हणाले, "घंटीची चूक घंटीत. मैदानात पोट्टी एक नंबर हाये."

मामांची एकच इच्छा होती आणि ती त्यांनी मला चहा देता देता कितीदा सांगितली याचा हिशेब नाही. आपल्या शाळेची एक तरी कव्हर जिल्ह्याच्या संघात जावी, आणि कव्हर म्हणूनच जावी. एवढ्या वर्षांत आमच्या तीन पोरी गेल्या, तिन्ही रेडर.

वैष्णवी दहावीत गेली त्या वर्षी मामांची निवृत्ती आली. त्याच वर्षी निवड चाचणीचा अर्ज मी भरला. त्यात एक ओळ होती, खेळाडूचं स्थान. मी पेन हातात धरून बसलो. कव्हर लिहिलं तर पोरीकडे कोण पाहणार? माझ्या डोक्यात शहाणपण शिरलं. मी वैष्णवीला म्हटलं, "चढाई लिहितो. चढाईवाल्यांना आधी बोलावतात."

ती म्हणाली, "सर, मामाले विचारा ना."

"मामांना नंतर सांगू," असं म्हणून मी लिहून टाकलं.

चाचणीच्या दिवशी शाळेत खालच्या वर्गांची परीक्षा होती, म्हणून मामांना येता आलं नाही. अर्जात होतं त्याप्रमाणे वैष्णवीला दोनदा चढाईला पाठवलं. शेजारच्या घरी विरजण मागायला जावं तशी ती गेली आणि रिकाम्या हाताने परत आली. मग तिला साखळीत उभं केलं. शेजारची कॉर्नर दुसऱ्या तालुक्याची, दोघींनी एकमेकींना आधी पाहिलेलंही नव्हतं. त्या कॉर्नरने ओळीने चार पकडी केल्या. सगळ्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या. निवड समितीतल्या एक बाई मात्र चष्मा वर करून वैष्णवीच्या हाताकडे बघत राहिल्या. त्यांनी तिचं नाव विचारून घेतलं.

चार दिवसांनी यादी माझ्या मोबाइलवर आली. बारावं नाव वैष्णवीचं. मी जवळजवळ पळतच मामांकडे गेलो. त्यांनी फोन लांब धरून वाचला. चेहरा फुलला, आणि मग हळूहळू उतरला.

"सर, हिच्या नावापुढं चढाई कोनं लिवलं?"

"मी. म्हटलं, निवड तरी होईल."

मामांनी फोन माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "एवढी वर्षं म्या पोरीहीले सांगत आलो, कव्हर कोनापेक्षा कमी नसते. अन् तुमी तिच्याच कागदावर लिवून देल्लं, का कमी असते म्हनून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्या पोरीचं भलं करायला गेलो होतो आणि तिला नेमकं उलटं शिकवून बसलो होतो. वर मामांनी व्यवहाराचंही सांगितलं. पुढचे विभागाचे सामने अमरावतीला, तिथं संघाला नवा प्रशिक्षक, तो कागद पाहणार. तिला चढाईला पाठवणार, ती दोनदा बाद होणार आणि मग बाकावर बसून परत येणार.

त्यानंतर दोन दिवस स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा मिळाला, मला मिळाला नाही. तिसऱ्या दिवशी मी जिल्ह्याच्या गावी, बुलडाण्याला, निवड समितीच्या कार्यवाहांना फोन लावला. ते म्हणाले, शाळेचं पत्र आणा, दुरुस्ती करून देतो, पण संघ शनिवारी दुपारी निघतो, त्याआधी आणा. मी पत्र लिहिलं, बाईंनी सही केली. शनिवारी सकाळी वैष्णवीला सोडायला तिचे वडील जाणारच होते, त्यांच्याच हाती ते द्यायचं ठरलं. त्या संध्याकाळी मामांनी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. साखर जरा जास्तच होती.

शनिवारी मामांचा निरोप समारंभ होता. हॉलमध्ये पताका, फळ्यावर रंगीत खडूची वेलबुट्टी, टेबलावर शाल आणि नारळ. मामी नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, मामांचा पत्ता नाही. बाईंनी मला खुणावलं. मी मामींजवळ गेलो.

"मामा कुठं आहेत?"

"बुलडान्याले गेले. पहाटच्या एसटीनं."

"आज? मामी, अहो समारंभ आहे त्यांचा!"

"म्या बी तेच म्हनलं. तं म्हनते, पोरीच्या बापाले सायबासमोर बोलता येत नाही, लाजरा मानूस हाये. कागद तसाच खिशात राहीन." मामींनी पदर सारखा केला. "तुमी करून घ्या. त्याहीले भाषनं आवडत बी नाही."

इलाज नव्हता. बाईंनी समारंभ सुरू केला. एका मुलीने गाणं म्हटलं, दोघांनी मामांच्या शिस्तीबद्दल सांगितलं, एकाने मामांनी त्याला फाटकावरून उडी मारताना कसं पकडलं होतं ते सांगितलं आणि हॉल हसला. सगळे रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलत होते. बाईंनी शाल घडीसकट त्या खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि नारळ खुर्चीत ठेवला.

माझी पाळी आली. मी माईकसमोर उभा राहिलो. अर्जाची गोष्ट साऱ्यांसमोर कबूल करायची, असं रात्रीच ठरवलं होतं. मी ती सांगितली. पोरी टक लावून ऐकत होत्या. माझी मुलगीही मागे उभी होती. वाक्य अर्धंच झालं होतं, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मामा. काय सुचलं कुणास ठाऊक, मी फोनचा आवाज मोठा केला आणि तो माईकसमोर धरला.

"हॅलो, सर? आयकू येते काय?"

"येतंय, मामा. बोला."

"लिवलं! चढाई खोडलं अन् कव्हर लिवलं. पेनानं लिवलं, पेन्सिलीनं नाही. म्या वाचून पाह्यलं. पोरीनं बी वाचलं. तिचा बाप इथं रडून राह्यला येड्यावानी."

साखळीत उभ्या राहणाऱ्या त्या सगळ्या पोरी एकदम उठल्या. मग सारा हॉल उठला. टाळ्यांनी छपराचे पत्रे दणाणले. मामी मान खाली घालून डोळे पुसत होत्या.

"सर, एवढ्या टाळ्या कायच्या वाजून राह्यल्या?"

"तुमच्या, मामा. तुमचा निरोप समारंभ चालू आहे."

"अरे हाव! होऊ द्या, होऊ द्या. मी ठेवतो आता. सायेब जेवाले उठून राह्यले अन् शिक्का मारायचा राह्यला."

आणि मामांनी फोन ठेवून दिला.