बीव्हरचं तळं

लेकीकडे कॅनडात गेले होते. तिच्या घरामागच्या ओढ्यावर बीव्हर नावाच्या प्राण्याने फांद्या आणि चिखल रचून बांध घातला होता. साचलेलं पाणी तिच्या भाजीच्या वाफ्यांत शिरत होतं.

"उद्या माणसं बोलावून बांध काढून टाकते," ती वैतागून म्हणाली.

जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं, मला राहवेना. त्या साचलेल्या पाण्यातलं पेलाभर आणून मी तिच्या हाती भिंग दिलं. टाचणीच्या टोकाएवढे जीव पाण्यात उड्या मारत होते.

"आई, हे काय गं?"

"पाणपिसवा! त्या शेवाळ खातात, मासोळ्या त्यांना खातात. धावत्या पाण्यात त्या टिकल्याच नसत्या."

एका प्राण्याने पाणी थांबवलं आणि त्यात केवढं गाव वसलं होतं! जेवण गार झालं, तरी लेकीने भिंग सोडलं नाही.

"वाफेच हलवूया," ती म्हणाली.