देश ठरत नव्हता

खोट काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मला पगारच त्याचा मिळायचा. नाशिकरोडच्या सरकारी छापखान्यात मी चेकिंगला होते. पासपोर्टची कोरी पानं समोर यायची. दिव्याखाली धरायची, भिंग लावायचं, शाईचा ठिपका किंवा तुटलेली रेघ दिसली की पान बाद. दिवसभर हेच. घरी मेथी निवडतानासुद्धा निम्मी जुडी टाकून द्यायची मी. आई होती तेव्हा तीन स्थळं आली, तिन्हींत मी खोट काढली. एक तर चांगला शिक्षक होता, पण माझ्याशी बोलायचं ते वडिलांकडे बघून बोलला. म्हणून बाद. आई वैतागून म्हणाली, "तुला माणूस नकोच आहे, तुला चूक हवी आहे." मी हसले. पुढे वडील गेले, मागोमाग आई गेली, आणि बौद्ध वसाहतीतल्या त्या दोन खोल्यांत मी एकटी उरले. सुटीचा दिवस मला खायला उठायचा. रविवारी सकाळी मी उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुवायचे.

टेबलावर माझ्या शेजारी आक्का बसायची. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. मूळची नामपूरची, लग्न होऊन देवळाली कॅम्पात आलेली. नवरा तोफखान्यात हवालदार होता, तो आजारपणात गेला तेव्हा आक्का तिशीचीही नव्हती. सातवी शिकलेली, पण नजर अशी की भिंग हातात घ्यायच्या आधीच डाग सांगायची. छापखान्यात मी कुणाशी फारशी बोलत नसे. कोण पंगतीला बसवतं आणि कोण डबा उघडताना हळूच पाठ फिरवतं, याचा हिशेब माझ्या डोक्यात पक्का होता. आक्काने पहिल्याच दिवशी माझ्या डब्यातली भाजी न विचारता उचलली आणि म्हणाली, "मीठ कमी हाय." तेव्हापासून आमचं जमलं.

त्र्याहत्तर साल असावं. एका दुपारी आक्का पान उजेडात धरून म्हणाली, "एवढी पुस्तकं आपल्या हातून जातात. आपलं एखादं असतं तर कुठं गेलो असतो गं?"

मी म्हटलं, "युरोपात." शाळेच्या नकाशावर तिकडचे देश चिमुकले होते आणि प्रत्येकाला वेगळा रंग होता, एवढंच कारण.

"मग जाऊ की," आक्का म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करते. पण ती गंभीर होती. तिने मला तिची इच्छा सांगितली, इतकी साधी की मला आधी हसूच आलं. तिला कपाळाला हे एवढं मोठं कुंकू लावायचं होतं, गजरा माळायचा होता, लाल लुगडं नेसून भर रस्त्यातून चालायचं होतं. कॅम्पात ते शक्य नव्हतं, नामपुरात तर बोलायलाच नको. मी म्हटलं, "मुंबईला जा की, तिथे कोण ओळखतंय?" तर म्हणाली, "मुंबईत आमच्या कांद्याबरोबर आमचे भाऊबंदबी पोचलेत. मला असा गाव पाहिजे जिथं कुंकू म्हंजे काय हेच कुणाला ठाऊक नाय."

ठरलं. पैसे दोघी साठवत होतो, रजा साठत होती. परदेशी जायचं तर ऑफिसची परवानगी लागायची, आणि त्या अर्जात देशाचं नाव आधी लिहावं लागायचं. आक्का म्हणाली, "ते काम तुझं. तू पेपर वाचतीस. तू म्हणशील तिथं मी येते, पण एकटी मी जाणार नाय, आन तूबी जायचं नाय." मेनरोडवर सहलींची तिकिटं काढून देणारा एक माणूस होता, त्याच्याकडून मी रंगीत पत्रकं आणली आणि कामाला लागले.

आणि काय सांगू, जे काम मला येत होतं तेच मी केलं.

वसाहतीतल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं होतं इंग्लंडला जा, आपली माणसं तिथेच शिकून मोठी झाली. पण पेपरात रोज यायचं, तिथल्या पोरांनी आपल्या माणसाला रस्त्यात गाठून मारलं, भिंतीवर 'चालते व्हा' लिहिलं. मी आक्काला म्हटलं, "माणसाला माणूस न मानणं बघायला इतक्या लांब कशाला जायचं? ते इथे दारात मिळतं." इंग्लंड बाद. स्पेनमध्ये म्हातारा हुकूमशहा अजून जिवंत होता. बाद. ग्रीसमध्ये लष्कर बसलेलं. बाद. रशियाच्या बाजूचे देश मला मनातून आवडायचे, पण आमचे सुपरवायझर म्हणाले, "बाई, तिकडचं नाव लिहाल तर साध्या कपड्यातला माणूस घरी चौकशीला येईल." आक्का म्हणाली, "येऊ दे, चहा पाजू त्याला." पण मी घाबरले. जर्मनीत भिंत होती. माझ्या आजोबांची उभी हयात गावकुसाबाहेर गेली, भिंत घालून माणसं वेगळी ठेवणाऱ्यांच्या दारात मी पाऊल ठेवणार नव्हते. स्वित्झर्लंडचा फोटो फार सुंदर होता, पण तिथे आपल्याकडच्या बड्या चोरांचा पैसा ठेवलेला असतो म्हणतात.

"अगं ए बाई," आक्का म्हणाली, "आपण फिरायला चाललो का सोयरीक करायला?"

मग आणीबाणी आली आणि विषयच बंद झाला. जेवणाच्या सुटीतसुद्धा माणसं हळू आवाजात बोलत होती. आपल्याच देशात तोंड उघडायची चोरी, आणि मी बसले होते स्पेनला नावं ठेवत! हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. आता आठवलं की स्वतःची लाज वाटते.

आणीबाणी उठली. स्पेनचा म्हातारा एव्हाना मेला होता, ग्रीसचं लष्कर बराकीत परतलं होतं. आक्काने एकेक बातमी लक्षात ठेवली होती. "आता झालं ना तुझ्या मनासारखं?" पण मला नवीन खोट सापडतच गेली. एकदा तिला हॉलंडच्या पत्रकातला फोटो फार आवडला, पांढऱ्या केसांची बाई सायकलवर, पुढच्या टोपलीत फुलं. "बघ गं, म्हातारी कशी चाललीय! हिला विचारतं का कुणी, मालक हायत का गेले?" मी म्हटलं, "ह्यांच्याच भाईबंदांनी दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसांचे हाल चालवलेत." आक्काने फोटो घडी करून स्वतःच्या पिशवीत ठेवला. त्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली. "तुझं समदं खरं हाय. पण मग असं कर, कुठंच जाऊ नको. आन इथंबी राहू नको."

मला राग आला. चार दिवस मी तिच्याशी बोलले नाही. मी चुकत नव्हते ना! आजही मला वाटतं, त्यातलं एकही कारण खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर देश ठरत नव्हता तोवर माझे दिवस बरे जात होते. संध्याकाळी घरी येऊन मी पत्रकं पसरून बसायचे, दुसऱ्या दिवशी आक्काला काय सांगायचं ते ठरवायचे. जाऊन आलो की हे संपेल, आक्का तिच्या नातवंडांत रमेल आणि मी पुन्हा माझी भांडी घासत बसेन, ही भीती मला होती. ती मी कुणाला बोलून दाखवली नाही.

ऐंशीच्या आसपास आक्काच्या हातून पानं चुकायला लागली. मधला डाग ती बरोबर पकडायची, कडेचा सुटायचा. मला वाटलं बोलण्याच्या नादात होतं. तिला न कळता मी तिचा गठ्ठा माझ्याकडे ओढायचे, पुन्हा तपासायचे, खराब पान काढून ठेवायचे. एकही पान पुढे जाऊ दिलं नाही. तिला बोलले नाही, साहेबांनाही नाही. चहाचा कप तिच्या कोपराने दोनदा सांडला. संध्याकाळी बसस्टॉपवर ती माझा दंड धरून उभी राहायची, मला वाटायचं माया आहे. "लवकर ठरव गं पोरी," असं मात्र ती वरचेवर म्हणायची. मी म्हणायचे, "घाई काय आहे आक्का? तुझ्या रिटायरमेंटला अजून वेळ आहे."

शेवटी मी ठरवलं. ऑस्ट्रिया. अमेरिकेच्या गोटात नाही, रशियाच्या गोटात नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ऑफिसला आक्षेप घ्यायला जागा नाही. हिटलर त्यांच्याच मातीतला, हे पूर्वीचं त्यांचं पाप मला माहीत होतं, पण मी स्वतःला दटावलं, की आता पुरे. इतका आनंद झाला होता मला! आक्का तीन आठवडे रजेवर होती. रविवारी पत्रक पर्समध्ये घालून मी कॅम्पची बस पकडली.

दार आक्काच्या सुनेने उघडलं. ती मला ओट्यापाशी घेऊन गेली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, त्यांना दिसत नाही हो. काचबिंदू आहे. डावा डोळा गेलाच, उजव्याने समोरचं थोडं दिसतंय, तेही टिकणार नाही म्हणतात डॉक्टर. चार-पाच वर्षं लपवलं त्यांनी. ऑफिसात कळलं तर चेकिंगवरून काढतील म्हणाल्या." लांब तोफांचा सराव चालला होता, खिडकीची तावदानं थरथरत होती.

आक्का आतल्या खोलीत खाटेवर बसली होती. माझी चाहूल लागताच तोंड वळवून म्हणाली, "आलीस? ठरलं का?"

"ऑस्ट्रिया," मी म्हटलं.

तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. तिने हात पुढे केला, मी तो धरला. "मग? कधी निघायचं?"

आणि मी म्हणाले, "आता काय उपयोग, आक्का?"

मला रडू येत होतं. मी दयेने बोलले, प्रेमाने बोलले, सगळं खरं. पण शब्द हेच होते. आक्काने माझा हात सोडला नाही. नामपूरच्या बोलीत म्हणाली, "खरं शे." म्हणजे खरं आहे; माझ्याशी ती त्या बोलीत कधी बोलत नसे. मग तिने सुनेला चहा टाकायला सांगितला आणि नातवाच्या शाळेचं काहीतरी बोलत राहिली.

मला कळलं ते परतीच्या बसमध्ये. तिने 'कधी' विचारलं होतं. 'कशी येऊ' असं ती म्हणाली नव्हती. ती जे मागत होती त्याला डोळे लागत नव्हते. रस्ता पायाला लागतो, गजऱ्याचा वास येतो, कपाळावरचं कुंकू स्वतःला तसंही दिसत नाही. सोबतीला एक माणूस लागत होता, आणि तिने दहा वर्षांपूर्वीच मला निवडून ठेवलं होतं. मीच मूर्ख.

आठवडाभर मला झोप नाही. पुढच्या रविवारी अर्जाचे दोन कागद घेऊन मी पुन्हा गेले. माझा भरलेला होता, तिचाही मीच भरला होता, फक्त सही हवी होती. मी तिच्यापुढे जवळजवळ हात जोडले. "आक्का, चुकले मी. आपण जायचं. मी हात धरते, सगळीकडे नेते. चल."

ती शांतपणे ऐकत होती. रागावलेली नव्हती, तेच वाईट होतं. कागद तिने हातात घेतले, चाचपले, नीट जुळवून मला परत दिले.

"त्या दिशी मी तयार होते गं," ती म्हणाली. "तू हात धरलास तवा वाटलं, निघालोच. आज नाय. आता तू मला सांभाळायला नेशील. मला कुणी सांभाळायला नेलेलं नको."

त्यानंतर ती बरीच वर्षं होती. मी दर रविवारी कॅम्पला जायचे. आम्ही सगळ्या विषयांवर बोलायचो, भाज्यांच्या भावापासून सुनेच्या माहेरापर्यंत, हसायचोसुद्धा. मी पासपोर्ट काढला नाही. ती एकदा नाही म्हणाली होती आणि तिला पुन्हा विचारणं तिचा अपमान होईल, असं मी स्वतःला समजावत राहिले. ते कारणही तसं खरंच होतं. पण मी पुन्हा विचारायला हवं होतं.